घरच्यांसाठी फुकट

वहिनी : ...आणि ते दार लावून घ्या. वाफ बाहेर गेली की सुपरवायझर ओरडतो.

नणंद : लावलं. वहिनी, तू मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस?

वहिनी : आत्तापासून. तुम्ही इथं पोचलात कशा ते सांगा आधी. हा पत्ता मी कुणालाही दिलेला नाही. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा नाही.

नणंद : कुठं टेकू का जरा? रात्रभर बसमध्ये होते.

वहिनी : टेकायला इथं जागा नाही. हॉटेलचा धुलाईखाना आहे हा, दिवाणखाना नव्हे. बोलायचं असेल तर त्या चादरीचं टोक धरा. घड्या घालताना दिसलो तर कुणी काही विचारणार नाही. विचारलंच तर मावसबहीण आलीय म्हणेन.

नणंद : अशी धरू?

वहिनी : ताणून. हं. आता या माझ्याकडे, टोकाला टोक. तुमचा फोन कुठंय?

नणंद : ऑफिसात, खणात. चालू ठेवून आलेय. दादाला वाटेल मी रात्रपाळी करून तिथंच थांबलेय.

वहिनी : म्हणजे अजून बघतो तो, कोण कुठं आहे ते.

नणंद : माझं बघतो, आईचंही बघतो. आई म्हणते, त्याला काळजी आहे आपली.

वहिनी : माझीही होती. बोला आता.

नणंद : ते व्हीपीएन बंद कर फोनमधलं. काढूनच टाक. मग बोलू.

वहिनी : कुठलं? तुम्ही दिलेलं?

नणंद : तेच.

वहिनी : अहो, तुम्हीच घातलंत ना ते, ओट्याशी उभं राहून? तुमचे दादा रोज राउटर उघडून बसायचे, मी दिवसभर कुठं कुठं गेले ते बघत. बायकांच्या मदतकेंद्राचं पान उघडलं होतं मी एकदाच, त्याचं बक्षीस हे मनगट. अजून चादर झटकली की कळ येते. तेव्हा तुम्ही म्हणालात, आमच्याच कंपनीचं आहे, घरच्यांसाठी फुकट. दादाला आता फक्त तू ऑनलाइन आहेस एवढं दिसेल, बाकी काही नाही.

नणंद : आणि नाहीच दिसलं त्याला.

वहिनी : नाही दिसलं, म्हणून तर निघता आलं. वकीलबाईंशी बोलणं, चिमणीची शाळा, ही नोकरी, सगळं त्यातूनच जमवलं मी. ते विसरलेले नाही. म्हणून आत घेतलं तुम्हाला, नाहीतर मागच्या दारातूनच वाटेला लावलं असतं.

नणंद : दादाला नाही दिसलं, वहिनी. मला दिसलं.

वहिनी : काय दिसलं?

नणंद : तू कुठून जोडली जातेस ते. आमच्या मदतकक्षात कुणाचंही खातं उघडलं की कधी, कुठल्या कनेक्शनवरून ते चालू झालं, सगळं स्क्रीनवर येतं. तुझं या हॉटेलच्या कनेक्शनवरून चालू होत होतं. मग शोधायचं काय उरलं?

वहिनी : पण तुमची जाहिरात तर केवढी. आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही म्हणून.

नणंद : तू काय बघतेस त्याची नाही ठेवत. कुठून येतेस त्याची ठेवतात. एकाच खात्यावर सगळ्या गल्लीनं फुकट चालवू नये म्हणून. जाहिरात लिहिणाऱ्याला ते सांगावंसं वाटलं नाही.

वहिनी : आणि तुम्हाला?

नणंद : मलाही नाही वाटलं. बघणारी मीच आहे, म्हटलं. माझ्यापासून तुला कसली भीती?

वहिनी : ती उशीची खोळ बाजूला ठेवा. दुसरी चादर घ्या. कशाला बघितलंत पण?

नणंद : आईसाठी. तू गेल्यापासून ती चिमणीचा स्वेटर विणतेय. पुरा होत आला की उसवते. म्हणते पोर वाढली असेल. मग परत एक बोट मोठा विणायला घेते, अंदाजानं. एका संध्याकाळी म्हणाली, जिवंत तरी आहे का गं माझी नात, तेवढंच सांग. मला नाही राहवलं.

वहिनी : आणि तुम्ही सांगितलंत.

नणंद : गावाचं नाव नाही सांगितलं, आईशप्पथ. एवढंच म्हणाले की दोघी सुखरूप आहेत, थंडीच्या गावी आहेत, तेव्हा स्वेटर जरा जाड लोकरीचा कर.

वहिनी : जाड लोकरीचा.

नणंद : हो. आईनं घरात होती ती लोकर ठेवून दिली आणि जाड लोकर आणायला दादालाच पाठवलं.

वहिनी : अरे देवा.

नणंद : तो काही दुधखुळा नाही. जाड कशाला, म्हणाला. आईनं आनंदानं सांगितलं सगळं. तिला वाटलं त्याच्याही जिवाला बरं वाटेल. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडला. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाटलं, सुधारला की काय.

वहिनी : रडतो तो. मनगट मोडलं तेव्हाही दवाखान्यात रडला होता. डॉक्टरांनी मलाच सांगितलं, सांभाळून घ्या त्यांना.

नणंद : दुसऱ्या दिवशी रजा टाकली त्यानं. डोंगरातल्या एकेका गावी जातो आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहतो, मोबाइलमध्ये चिमणीचा फोटो घेऊन. आईला रोज फोन करून सांगतो आज कुठं होतो ते. आई मला सांगते. तिला वाटतं तो तुम्हाला आणायला गेलाय.

वहिनी : कुठवर आलाय?

नणंद : घाटापलीकडचं गाव काल झालं. आज त्याच्या शेजारचं करून उद्या घाट ओलांडीन, असं आईला म्हणाला.

वहिनी : म्हणजे आज निघायला हवं.

नणंद : आजच. आणि अजून एक आहे. जायच्या आधी तो आमच्या ऑफिसखाली दिसला होता मला, माझ्याच टीममधल्या एकाला चहा पाजत. तुझं खातं मी एकटीच उघडू शकते असं नाही.

वहिनी : मग पुसून टाका ना ते.

नणंद : पुसलं तर कुणी पुसलं त्याची नोंद राहते.

वहिनी : ती बरी राहते.

(सुकवायचं यंत्र थांबतं. दोघी चादर ताणून तशाच उभ्या.)

वहिनी : चिमणीला इथं मैत्रीण मिळालीय. पहिल्यांदाच. दोघी एका डब्यात जेवतात. तिला आज काय सांगू मी?

नणंद : माझं चुकलं, वहिनी.

वहिनी : चुकलंच. मारणाऱ्यापासून पळायला जमलं मला. माया करणाऱ्यांपासून कसं पळायचं ते कुणी शिकवलं नाही.

(नणंद चादरीच्या टोकानं डोळे पुसते.)

वहिनी : रडू नका. चादर परत धुवावी लागेल. आता कुठलं घेऊ ते सांगा. वकीलबाईंशी बोलल्याशिवाय माझं चालायचं नाही, चिमणीच्या ताब्याची सुनावणी तोंडावर आलीय. आणि जाईन तिथलं वायफाय परक्याचंच असणार.

नणंद : फुकटचं घेऊ नकोस. फुकट देणारा कुठून तरी वसूल करतो. आणि जाहिरातीवर जाऊ नकोस, सगळ्यांची आमच्यासारखीच असते. कंपनीची माणसं कोण आहेत ते उघड सांगतात का बघ. बाहेरच्या कुणी येऊन त्यांची यंत्रं तपासलीत का, आणि काय सापडलं ते जसंच्या तसं वाचायला ठेवलंय का, तेही बघ.

वहिनी : आणि तपासणारेही त्यांचेच पाहुणेरावळे निघाले तर?

नणंद : म्हणून आणखी एक बघायचं. कोर्टानं कधी त्यांच्याकडे माहिती मागितली होती का, आणि तेव्हा त्यांच्याकडे द्यायला काही निघालं का. मागूनही काही निघालं नसेल तर तिथं थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. थोडाच. आणि नाव, ई-मेल काही न विचारता खातं देतात, तसलं घे. फोन नवा, सिम नवं. जुन्यातलं काही नव्यात आणू नकोस. फोटोसुद्धा.

वहिनी : चिमणीचे पहिल्या वाढदिवसाचे त्यातच आहेत.

नणंद : कागदावर काढून घे. आणि मुख्य म्हणजे त्या कंपनीत आपल्या ओळखीचं कुणी नको.

वहिनी : घरचं कुणी नको.

नणंद : हो. तसंच.

वहिनी : एखादं नाव तरी सांग ना. रोजचं काम आहे तुझं, तुला बरोबर माहीत असणार.

नणंद : दोन आहेत मनात. नाही सांगणार. मी सांगितलं तर तू तेच घेशील, आणि मग ते मला माहीत असेल. तुझं तू वाच, वकीलबाईंना विचार, आणि ठरव. कुठलं घेतलंस ते मला कळवू नकोस.

वहिनी : तो विचारेल तुला.

नणंद : विचारणारच.

वहिनी : नुसतं विचारून थांबणार नाही तो. तू काही त्याला माझ्यापेक्षा कमी ओळखत नाहीस.

नणंद : मला माहीतच नसलं तर काय निघणार माझ्याकडून?

वहिनी : शाळा सुटेल आता. लांबून बघून तरी जा पोरीला.

नणंद : नको. तिची नजर पडली तर आत्या दिसली म्हणून कुणाला तरी सांगेलच ती. लहान आहे. तिला गप्प बसायला लावू नकोस माझ्यापायी.

वहिनी : आईंना काय सांगशील?

नणंद : सांगेन, खातंच बंद केलं, आता काही कळत नाही.

वहिनी : आणि स्वेटर?

नणंद : विणेल. उसवेल आणि परत विणेल.

वहिनी : अगं, अंदाजानं कशाला? चिमणी आता माझ्या इथपर्यंत...

नणंद : हात खाली घे, वहिनी.

वहिनी : मापच तर आहे.

नणंद : नको. मला कळलं की मी आईला सांगेन.

(वहिनी हात खाली घेते.)

नणंद : खरंच सांगेन गं.

वहिनी : बरं. धर ते टोक. एवढी एकच राहिलीय.