गुलाबवाल्यांची शांतवेल

सेफीन: बघू दे, बघू दे. सगळी आळी खिडकीत आलीय, ठाऊक आहे मला. मार्गरीत फुलवाल्यांची शांतवेल, त्यांची मुख्य गाणारीण, गुलाबवाल्यांच्या ओट्यावर चढली, म्हणजे संध्याकाळपर्यंत पार राजधानीत बातमी. तू झर्नेल ना? ओरालीची नात?

झर्नेल: हो. या ना मा सेफीन, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. आजी आत पडलीय. तिचं घशाचं ऑपरेशन झाल्यापासून...

सेफीन: आवाज गेला. बेटावर कुणाला ठाऊक नाही? तुमच्या ला रोझ, गुलाबाच्या मंडळात परवा काय रडारड झाली तीही ठाऊक आहे. हाक मार तिला.

(मा ओराली दारात येते. ती बोलते ते सगळं कुजबुजीत.)

ओराली: कशाला आलीस?

सेफीन: घ्या! आवाज गेला, पण खोडी काही गेली नाही. अगं, माणूस उन्हातून चढण चढून आलंय, आधी बस म्हणावं.

ओराली: झर्नेल, कोको कर हिला. साखर घालू नकोस. शुगर आहे तिला.

सेफीन: तुला गं कुणी सांगितलं?

ओराली: गावात दवाखाना एकच आहे.

झर्नेल: कोको तयारच आहे, जायफळ किसते नुसतं. मा सेफीन, तुम्ही खरंच कशा आलात? आजी म्हणते, तुम्ही दोघी वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलला नाहीत.

सेफीन: बोललो नाही कसं? गाण्यातून रोज भांडलोय. ती तिच्या मंडळात माझ्यावर गाणं रचायची, मी माझ्या मंडळात उत्तर द्यायची. नुसतं बोलायची गरजच काय होती? बरं, ते राहू दे. तुमचा राजा काय म्हणाला ते मला नीट सांग.

झर्नेल: लांबेरकाका? ते म्हणाले, रविवारी ला रोझचा सण. मंडळाला मानाचा राजा आहे, राणी आहे, न्यायाधीश, पोलीस, नर्स, सगळे आहेत, पण शांतवेल नाही. गाणारीण नाही तर मिरवणूक कशाची? ते म्हणाले, या वर्षी लाऊडस्पीकरवर रेकॉर्ड लावू आणि नंतर निशाण खालच्या बंदरातल्या मंडळाला देऊन टाकू. म्हणजे आपल्या गावचं मंडळ बंद.

ओराली: लाऊडस्पीकर! मिनीबस चालवून चालवून डोक्यात हॉर्न भरलाय त्याच्या.

सेफीन: राजा आहे तुमचा. असं बोललीस तर तुमचे पोलीस धरतील तुला.

ओराली: धरू देत. पोलीस कोण, तर शाळेचा शिपाई. आणि खरा सार्जंट मंडळात साधा सैनिक. त्यालाही लांबेरला सलाम ठोकावा लागतो. आधी त्यांना आपसात काय ते मिटवू देत.

झर्नेल: आजी, कमी बोल ना. डॉक्टरांनी सांगितलंय.

सेफीन: बोलू दे तिला. एवढी वर्षं मी हिच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून मेणबत्त्या लावल्या, आणि आता हे असं ऐकवत नाही बघ. पोरी, तू गातेस म्हणे?

झर्नेल: चर्चच्या गायनमंडळात गाते. मी राजधानीत सरकारी कचेरीत काम करते, गावी सुट्टीला येते. आवाज आहे माझा, पण आजीची गाणी मला येत नाहीत. तिनं कधी कुणाला शिकवलीच नाहीत.

ओराली: मी मरणार नव्हते ना इतक्यात.

झर्नेल: आणि आता शिकवायची म्हटलं तरी कशी? ती कुजबुजत सांगते, चाल काही कळत नाही. काल दिवसभर आम्ही दोघी रडलो नुसत्या.

सेफीन: म्हणून तर आलेय. हिचं एकूण एक गाणं मला पाठ आहे. उत्तर द्यायचं तर आधी ऐकावं लागतं, आणि नीट ऐकावं लागतं.

ओराली: नाही.

सेफीन: काय नाही?

ओराली: मार्गरीतवालीनं गुलाबाची गाणी शिकवायची? माझ्या ओट्यावर? मंडळ बुडलं तरी चालेल.

सेफीन: बुडव मग! आणि पुढच्या वर्षी मी उत्तर कुणाला देऊ? कोंबड्यांना? सगळे मला म्हणतात, सेफीन, तू जिंकलीस, आता गावात एकच मंडळ राहणार. काय जिंकले गं मी? समोर कुणी नसताना शहाणपण मिरवायला मी काय मंत्री आहे?

झर्नेल: आजी, प्लीज. रविवार तीन दिवसांवर आलाय.

ओराली: तुझे लोक तुला सोडतील, सेफीन?

सेफीन: खटला भरतील. आमचा न्यायाधीश माझाच भाचा. सकाळी बंदरावर मासे विकतो आणि मंडळात बसला की आवाज जाड करतो. करेल एक बाटली रमचा दंड, आणि त्यातली अर्धी मलाच पाजेल. तू तुझं बोल.

ओराली: तू गायची नाहीस. आपापल्या फुलाची शपथ आहे.

सेफीन: मी नुसते शब्द सांगीन आणि टेबलावर ठेका देईन. चाल ही पोरगी उचलेल. चुकली तर तू तिला चिमटा काढ. आता झालं समाधान?

ओराली: ...झर्नेल, टेबल पुढं ओढ.

सेफीन: बस्स! चल पोरी, मिरवणुकीचं पहिलं. तो फोन ठेव बाजूला, गाणं कानानं घ्यायचं. "दार उघडा, राणी आली, गुलाब फुलला अंगणी." हां, म्हण.

झर्नेल: दार उघडा, राणी आली, गुलाब फुलला अंगणी...

सेफीन: थांब थांब. हात मांडीवर ठेवून कसली गातेस? प्रार्थना चाललीय का? बसून, मान खाली घालून आम्ही गातो, आम्ही मार्गरीतवाले! सभ्य लोक आम्ही. तुम्ही गुलाबवाले ढोलापुढं उड्या मारता. ऊठ. कंबर हलव.

झर्नेल: मा सेफीन! खिडक्यांतून लोक बघतायत.

सेफीन: मग त्यांनाच दाखव. ओराली, तू कशी डावा खांदा उडवायचीस? दाखव की तिला. खांद्याचं काही ऑपरेशन झालेलं नाही.

ओराली: असा.

झर्नेल: अगं आजी!

सेफीन: बघ, हे! या खांद्यापायी माझ्या मंडळातली चार पोरं तिकडं पळाली. पुन्हा घे, मोठ्यानं. हां. हां, आता कसं! आवाज आजीचाच आहे गं हिचा, ओराली. मला वाटलं होतं, कचेरीत बसून शाईसारखा वाळला असेल.

ओराली: वरचा सूर कच्चा आहे.

सेफीन: तुझाही कच्चाच होता. मी त्यावर गाणं केलं होतं, विसरलीस?

झर्नेल: मा सेफीन, एक विचारू? ते टपालाचं गाणंही हवंय. लांबेरकाका म्हणाले, ते झाल्याशिवाय लोक जेवायला उठत नाहीत.

ओराली: ते नको.

झर्नेल: का? सगळे तेच मागतात.

ओराली: नको म्हटलं ना.

सेफीन: हिला ठाऊक नाही वाटतं?

ओराली: नाही सांगितलं.

सेफीन: मग मी सांगते. पोरी, माझा नवरा तेओफील बोटीनं लंडनला गेला, रेल्वेत काम मिळालं म्हणून. सुरुवातीला पत्रं यायची. मग थांबली. मी रोज टोपी घालून टपाल कचेरीत जायचे, पोस्टमास्तर मान हलवायचा, मी परत यायचे. सगळं गाव बघायचं. त्या वर्षीच्या सणाला तुझ्या आजीनं गाणं रचलं. "टपालघरी निघाली सेफीन, घालून टोपी पिसांची. तेओफील, तुझ्या पत्राला वाट रे किती दिसांची?"

झर्नेल: अगं बाई. ते तुमच्यावर आहे? आम्ही लहानपणी त्यावर दोरीच्या उड्या मारायचो.

सेफीन: सगळ्यांनीच मारल्या. माझ्या पोरीनंसुद्धा.

झर्नेल: ते आलेच नाहीत?

सेफीन: नाही. आणि मेल्याचीही बातमी नाही.

झर्नेल: मग मी ते म्हणणार नाही. तुम्ही आम्हाला शिकवायला आलात आणि मी तुमच्यावरच... छे. शक्य नाही.

ओराली: बरोबर बोलतेय पोरगी. ते गाणं माझ्याबरोबर जाऊ दे.

सेफीन: खबरदार, ओराली! ते एवढं एक जाऊ देणार नाही मी. त्याच्यासाठीच आलेय.

ओराली: काय?

सेफीन: बघतेस काय अशी? त्याची आई गेली. भाऊ कॅनडात, तिकडचाच झाला. त्याचं घर होतं तिथून सरकारनं रस्ता नेला. मी घरात त्याचं नाव काढलं तर माझी पोरगी म्हणते, मम्मी, पुरे आता. या गावात तेओफीलचं नाव वर्षातून एकदाच निघतं. तुझ्या गाण्यात. सगळा मांडव एकदम घेतो ते नाव, ढोलासकट. पहिल्या वर्षी तुमच्या मांडवाबाहेर उभी राहून रडले मी, तुला शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षीही दिल्या. मग पुढं कधी तरी लक्षात आलं, मी दर वर्षी तिथं त्याच ओळीसाठी उभी असते.

ओराली: सांगायचं होतंस, सेफीन.

सेफीन: तुला? आणि तुला दया येऊन तू गायची थांबली असतीस तर?

ओराली: ...झर्नेल. ऊठ. उभी राहा.

झर्नेल: आजी, मला रडू येतंय.

ओराली: नंतर रड. हे हसतखेळत म्हणायचं गाणं आहे. सेफीन, ठेका दे.

झर्नेल: टपालघरी निघाली सेफीन, घालून टोपी पिसांची... तेओफील, तुझ्या पत्राला...

सेफीन: थांब. नाव असं घाईनं उरकू नकोस, पोरी. त्याच्यापाशी जरा थांब.