कुंकू लावलेले पिंजरे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. शलाका राजे, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि माझे गुरू डॉ. दिनानाथ सबनीस, माझे सहकारी, आमची प्रयोगशाळा इतकी वर्षं सांभाळणाऱ्या माई, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून कामधंदा सोडून आलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, सर्वांना वृंदा कारखानीसचा नमस्कार.

निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल इतकं चांगलं बोलतात, की आपण अजून आहोत ना, हे चिमटा काढून बघावंसं वाटतं. सबनीस सरांनी आत्ता स्वतःच्या हातानं मला शाल पांघरली. या सभागृहातले पंखे बघता ती जरा जास्तच ऊबदार आहे, पण प्रेमाची आहे असं मानून मी ती अंगावर ठेवते. सत्काराला उत्तर द्यायला मला दहा मिनिटं दिली आहेत. वर्गात मी घंटेनंतरही शिकवत असे, त्यामुळे प्राचार्यांनी घड्याळाकडे बघू नये, ही विनंती.

मगाशी आमच्या संशोधनाचा उल्लेख झाला. ते काय होतं, हे साध्या शब्दांत सांगते. काही माणसांच्या हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. हृदय फुगतं, सैल पडतं, रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते. बारवी धरणाकडच्या रानातल्या एका झाडाच्या सालीत असा एक घटक आम्हाला मिळाला, की त्यानं हा स्नायू सावरेल अशी आशा वाटावी. झाडाचं नाव घेत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. आणि आशा वेडगळ नव्हती. हृदयाचं एक जुनं औषध, डिजिटॅलिस, झाडातूनच आलेलं आहे. जगभर लोक अशा वनस्पती तपासताहेत. तपासताहेत, हा शब्द कृपया लक्षात ठेवा.

आमची पद्धत अशी. उंदरांचं हृदय आधी दुबळं करायचं. मग निम्म्यांना सालीचा अर्क, निम्म्यांना नुसतं पाणी. पिंजऱ्यांवर फक्त आकडे. कुठल्या पिंजऱ्यात औषध, हे एकट्या सरांना ठाऊक. मी सोनोग्राफीवर हृदय बघायचं आणि पडद्यावर त्याच्या भिंतीची रेघ हातानं आखायची. मला काही ठाऊक नसायला हवं, कारण रेघ केसभर इकडची तिकडे झाली तरी निकाल बदलतो. हे मला शिकवलं कुणी? सरांनीच. ते म्हणायचे, "वृंदा, डोळा नेहमी आपल्या माणसाची बाजू घेतो. त्याला काही सांगायचं नाही."

मग आली खंडेनवमी. तुमच्यापैकी कितीतरी घरांतली माणसं एमआयडीसीत काम करतात, त्यांना सांगायला नको. त्या दिवशी यंत्रं बंद, पूजा, झेंडू, पेढे. आमच्याकडेही सूक्ष्मदर्शकापासून फ्रिजपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. सरांनी पूजा केली, आणि भक्तिभावानं कुंकवाचं बोट लावलं ते फक्त औषधाच्या पिंजऱ्यांना. यांना यश दे म्हणून. माई पिंजरे रोज धुवायच्या, पण देवाचं कुंकू पुसायचं कसं म्हणून तेवढी जागा सोडायच्या. आणि त्या पिंजऱ्यांसमोर बसून मी पुढचे कितीतरी दिवस रेघा आखल्या.

निकाल फार सुंदर आला. सरांचे डोळे भरून आले होते. माझेही. ते कुंकू माझ्या डोळ्याला काय सांगून गेलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं, तेव्हा मी नवे उंदीर, कोरे पिंजरे घेऊन सगळा प्रयोग पुन्हा केला. औषध आणि पाणी यांत काही फरक दिसला नाही.

या चुकीचा मला राग नाही, हे सरांच्या समोर सांगते. आपलं औषध लागू पडावं म्हणून देवाला हात जोडणाऱ्या माणसावर कोण रागावेल? मी त्यांच्या केबिनमध्ये गेले, सगळं सांगितलं. सरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून आकडे ताडून पाहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. थांबूया." मला त्या दिवशी त्यांचा किती अभिमान वाटला, तो शब्दांत सांगता येत नाही. घरी जाऊन मी गोड केलं होतं.

त्यानंतर सर निवृत्त झाले. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या नेहमीच्या औषधवाल्या शेठकडे डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले, तर ते हसत म्हणाले, "मॅडम, बताया नहीं आपने। आपका ही माल है, बहुत चल रहा है।" आणि त्यांनी काउंटरवर एक बाटली ठेवली. दुबळ्या हृदयासाठी. संशोधक म्हणून खाली दोन नावं. सरांचं, आणि माझं.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, पहिला निकाल खोटा थोडाच होता. म्हणाले, तुला श्रेय दिलं, तेही चुकलं का? त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही. ज्यांनी डोळ्याला काही सांगू नकोस म्हणून शिकवलं, त्यांनीच माझं नाव लावून हजारो लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. सर, तुम्ही मला फसवलंत. परक्यानं फसवलं असतं तर मी वकील गाठला असता आणि विसरून गेले असते.

ती बाटली आज प्रमुख पाहुण्यांची, म्हणजे सरांची, भेट म्हणून तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवरच्या पिशवीत आहे.

हे सगळं मी आजच्या दिवशी का बोलले? इथे तिसऱ्या रांगेत अनुया बसली आहे. माझी विद्यार्थिनी, आता आपल्याच महाविद्यालयात शिकवते. तिची परवानगी घेऊनच सांगते. तिच्या मुलीच्या, छोट्या राजसीच्या जन्मानंतर तिच्या हृदयाचा स्नायू दुबळा झाला. अंबरनाथच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सुधारत होती. गेल्या रविवारी ती कुळगावला माझ्या घरी आली, तर दोन जिने चढून दारातच बसली. पाय सुजलेले. गोळ्या बंद केल्या होत्या, ही बाटली चालू होती. मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "मॅडम, बाटलीवर तुमचं नाव होतं म्हणून तर घेतली. आणि सर म्हणतात, तुम्ही नुसत्या घाबरता. मी कुणाचं ऐकू? हे सरांच्या तोंडावर बोला, मग मानेन."

अनुया, बोलले. सर माझ्या शेजारी बसले आहेत, आणि माझं खोटं असेल तर माईक त्यांच्यासाठी मोकळा आहे.

सर मान खाली घालून बसले आहेत. मला त्यांचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

प्राचार्यांचे, संयोजकांचे, माईंचे आणि इतकी वर्षं माझं बोलणं सोसणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गात कुणाला उगाच रागावले असेन, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आज औषधाबद्दल बोलले, त्यातला मात्र एकही शब्द मागे घेत नाही. जेवण छान आहे असं ऐकते, पण मी थांबणार नाही. अंबरनाथच्या डॉक्टरांना फोन केला आहे, ते वाट बघताहेत.

अनुया, पिशवी तिथेच राहू दे. चप्पल घाल, मी खाली येते.