मोतीरामच्या टॅक्सीचं इंजिन

(इचोडा. नागपूर रस्त्यावरचं डोमाजी मिस्त्रीचं गॅरेज. साल १९९१, दसरा नुकताच झालेला.)

कुसुमबाई : मी उतरत नाई, भाऊजी. तुमचा चंपतराव मालक येऊ द्या, नाईतर त्याचा जिनिंगवाला बाप येऊ द्या.

डोमाजी : वैनी, रस्त्यावर तमाशा नोका करू. समोरच्या धाब्यावर ट्रकवाले चहा सोडून इकडेच पाहून राह्यले. लुगडं नेसलेली बाई असल्या गाडीत बसलेली कोनी पाह्यली हाय का?

कुसुमबाई : पाहू द्या. केवढीशी हाय हे! दोन मानसं बसले का झालं. अन् इतकी खाली, का पाटावर जेवाले बसल्यावानी वाटते. याच्यासाठी माह्या नवऱ्याची टॅक्सी खाल्ली तुमी?

डोमाजी : खाल्ली म्हनजे? उभी हाय ना तुमच्या आंगनात.

कुसुमबाई : उभी तर हाय. आज सकाळी फकिरा आला होता. आदिलाबाद स्टेशनावर ह्यांच्यासंगं टॅक्सी लावे, तोच. त्यानं बॅटरी आनली, जोडाले बोनेट उचललं, अन् माह्या तोंडाकडे पाहत राह्यला. म्हने, वैनी, इंजिन कुठं ठेवलं? जसं काई मी उतरंडीत लपवून ठेवलं.

डोमाजी : फकिराले कोन सांगितलं होतं मधात पडाले?

कुसुमबाई : आतमंदी कोंबडी बसली होती, भाऊजी. खालून शिरली असन. गवत आनून, कापूस आनून, चांगलं घर केलं होतं तिनं. तिले माहीत होतं. मलेच नव्हतं.

डोमाजी : मी सांगनारच होतो.

कुसुमबाई : कवा?

डोमाजी : दिवाळी झाली का.

कुसुमबाई : कोनती दिवाळी? एक तर येऊन गेली.

डोमाजी : आता ऐका तरी. हे गाडी विलायती. मंचेरियलले खानीवर एक साहेब होता, त्याची बदली झाली, तो चंपतराव मालकाले देऊन गेला. पन इंजिन फुटलेलं. पार्ट ना हैदराबादेत भेटे, ना नागपुरात. मालक म्हने, डोमाजी, स्वस्तात काई बी बसव, पन चालली पायजे. मी जीपचं लावून पाह्यलं, तर बोनेटच लागेना. फियाटचं लावलं, तर मागं गिअरबॉक्स पुरेना. दोन महिने डोकं धरून बसलो. अन् मंग ध्यानात आलं. याचं जुनं इंजिन अन् अँबेसिडरचं इंजिन, दोन्ही एकाच खानदानाचे. चुलत भाऊ म्हना.

कुसुमबाई : मंग सख्ख्या भावाचं काढून चुलत भावाले देल्लं.

डोमाजी : तसं नाई, वैनी.

कुसुमबाई : बाजारात दुसऱ्या अँबेसिडरी नव्हत्या?

डोमाजी : होत्या. पन मालकाले स्वस्तात पायजे होतं, सांगितलं ना.

कुसुमबाई : म्हनजे साऱ्या जिल्ह्यात स्वस्त मीच भेटली.

डोमाजी : अन् जुवारी कोन आनून टाकते तुमच्या घरी? दादा काविळीनं गेल्यापासून तुमची चूल एक दिवस तरी थंडी राह्यली का?

कुसुमबाई : नाई राह्यली. अन् तुमच्या बायकोचं, रुख्मिणीचं बाळंतपन कोन काढलं? तुमच्या गॅरेजचे काळे कपडे कोन धुते? मी कवा बोलली का त्याचं? जुवारी देल्ली म्हनून नवऱ्याची गाडी सोलून न्यावं का? अन् नेली कवा, तर मी किनवटले माहेरी गेल्यावर. मांजर दूध पेल्यावानी.

डोमाजी : टॅक्सी उभ्या उभ्या सडून राह्यली होती. कोन चालवनार होतं?

कुसुमबाई : ते राहू द्या. मले दसऱ्याचं सांगा.

डोमाजी : दसऱ्याचं काय?

कुसुमबाई : आता, ह्याच दसऱ्याचं. मी टॅक्सी धुतली. झेंडूचा हार गुंफला. हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं आली, तं तुमी काय म्हनले? वैनी, तुमी ओट्यावरच थांबा. गाडीच्या पूजेले विधवेचा हात लागत नाई. मंग रुख्मिणीनं हार घातला. तुमी बोनेट इतकुसं उचललं, मधात हात घालून कुंकू लावलं, अन् पटकन पाडलं. मी ओट्यावरून हात जोडले. सांगा, रीत होती का ते?

डोमाजी : रीत हायेच तशी. जुनी.

कुसुमबाई : तुमची माय विधवा होती, भाऊजी. हे टॅक्सी पहिल्यांदा आंगनात आली, तवा इंजिनाले पहिलं कुंकू तिनं लावलं. ह्यांनी तिचा हात धरून लाववलं. नारळ तुमी फोडला होता.

डोमाजी : वैनी...

कुसुमबाई : मले आठवलं होतं ते, तिथंच, ओट्यावर. पन म्हनलं, आपुन बाईमानूस, भाऊजीले जास्त समजते. अन् मी मागं सरकली. कुंकू कोनाले लावलं तुमी? कोंबडीले?

डोमाजी : हळू बोला. मालक येऊन राह्यले.

चंपतराव : काय डोमाजी, झाली का तयार? संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचायचंय मला. मित्राचा साखरपुडा आहे, सगळे गाडी बघायला थांबलेत. आणि या कोण बसल्यात आत?

कुसुमबाई : मी इंजिनवाली.

चंपतराव : म्हणजे?

डोमाजी : माही वैनी हाय, मालक. मोतीरामदादाची बायको. ते इंजिन, गिअरबॉक्स... त्याईच्या टॅक्सीचं हाय ना.

चंपतराव : तू तर म्हणाला होतास, घरचंच आहे, भावाचं आहे. मला वाटलं, भावाला विचारलं असशील.

कुसुमबाई : भावाले कसा इचारनार? तो गेल्यावरच तं काढलं.

चंपतराव : मग काढ बाबा हे, आणि त्यांच्या टॅक्सीत परत बसव. मी एसटीनं जातो साखरपुड्याला. असं कुणाचं घेऊन मला मिरवायचं नाही.

डोमाजी : ते होत नाई, मालक.

चंपतराव : का होत नाही? तिथून निघालं तर तिथं बसणार नाही?

डोमाजी : तिकडे गिअरचा दांडा स्टेरिंगखाली होता, इथं खाली पायाजवळ पायजे. मी गिअरबॉक्सचं झाकन कापलं, जीपचा दांडा वेल्डिंग केला. इंजिन उंच होत होतं, तं खालचं तेलाचं भांडं ठोकून उथळ केलं. इंजिन ज्याच्यावर बसते ते कान छाटले, दुसरे लावले. आता हे याच गाडीच्या मापाचं झालं. टॅक्सीत टाकलं तं धड उभं बी राहनार नाई.

कुसुमबाई : माप बी बदलून ठेवलं, म्हनजे वापस मागाची सोयच नाई.

डोमाजी : तसं नव्हतं मनात. आईची शपथ, वैनी. मी निस्ता कामाच्या मागं लागलो होतो. असं काम आदिलाबाद जिल्ह्यात कोनी केलं नाई. निर्मलचे मिस्त्री पाहून गेले. ज्या दिवशी हे पहिल्यांदा सुरू झालं ना, मी इथं एकटाच रडलो. दादा असता तं त्यानं पाठ थोपटली असती.

कुसुमबाई : थोपटली असती. अन् मंग इचारलं असतं, डोमा, आता माह्या बायकोनं काय चालवावं?

डोमाजी : तुमी? तुमी चालवनार होत्या?

कुसुमबाई : ह्यांनी शिकवलं होतं मले. कापूस निघाला का रिकाम्या वावरात नेत. ह्यांच्या वक्ताले तो दांडा माह्यानं हालत नव्हता. दोन्ही हातानं ओढा लागे. हे हासत. म्हनत, हे काय म्हैस हाय का? हे गेल्यावर मी रोज दिवेलागनीच्या आधी टॅक्सीत जाऊन बसत होती. क्लच दाबे, गिअर टाके. बसल्या बसल्या आदिलाबादले जाऊन येत होती.

चंपतराव : अंगणातच?

कुसुमबाई : हो. शेजारची रेणुकाबाई हासे मले. पन किनवटहून आल्यावर पाह्यलं, तं दांडा लोण्यावानी फिरून राह्यला. एका हातानं. क्लच बी हलका. मी रेणुकाबाईले सांगितलं, हात बसला माहा. आता फकिराले बोलावते, थोडे दिवस संगं बसवते, अन् मंग मी स्टेशनावर टॅक्सी लावते.

डोमाजी : खाली काई जोडलेलंच नव्हतं, वैनी.

कुसुमबाई : ते आज समजलं. तवा वाटलं, जमून राह्यलं.

चंपतराव : वहिनी, मी दुसरं इंजिन बघून देतो तुम्हाला. नागपूरहून आलो की लगेच.

कुसुमबाई : दिवाळी झाली का?

चंपतराव : नाही, खरंच देतो.

कुसुमबाई : द्यान बी. तुमी वाईट मानूस नाई दिसत. पन बसवनार कोन? भाऊजीशिवाय इचोड्यात दुसरा मिस्त्री नाई. अन् भाऊजीनं बसवलं, तं मी रोज बोनेट उचलून पाहीन. तसं किती दिवस पाहावं मानसानं?

डोमाजी : वैनी, चावीले हात नोका लावू.

चंपतराव : लावू दे, डोमाजी.

डोमाजी : मालक, पुढं रस्ता हाय. ट्रका जाऊन राह्यल्या.

चंपतराव : लावू दे म्हटलं ना.

कुसुमबाई : दोनदा अडखळलं अन् मंग लागलं. तसंच हाय. हे म्हनत, आधी खाकरते, मंग बोलते. जिनिंगच्या रस्त्यानं हे गाडी जाताना आवाज आला का मी हातातलं काम सोडून दारात येत होती. मंग स्वतालेच म्हने, येडी झाली का तू?

डोमाजी : वैनी, क्लच पुरा दाबा. अजून.

कुसुमबाई : दाबला. पहिला कुठं हाय?

डोमाजी : डावीकडे घेऊन पुढं.

कुसुमबाई : जात नाई.

डोमाजी : दोन्ही हात लावा.

कुसुमबाई : हो रे, डोमा. इथं जोर लागते.