पुढं बोकड, मागं मेंढरं

(सन १९३८, दसरा उलटल्यावर. पासलीच्या वरचा धनगरवाडा. चराईची पट्टी वसूल करायला चढून आलेले कारकून आनंदराव दगडावर टेकले आहेत. समोर मेंढरांचा मालक गेणू आणि त्याची बायको धोंडाबाई.)

आनंदराव : पुन्हा सांगतो. मेंढरामागे एक आणा चराई वाढली. आता परत विचारू नकोस, छातीत दम उरलेला नाही.

गेणू : डोंगर वाढला का, रावसाब?

आनंदराव : डोंगर कशाला वाढेल?

गेणू : न्हाई, गवात तेवढंच दिसतंय. म्हनून इचारलं.

आनंदराव : सरकारनं मिळकतीवरचा कर कमी केला. खजिन्याला खड्डा पडला. तो कुठून तरी भरायचा.

धोंडाबाई : कर कमी झाला? मंग आमचाबी झाला आसंल की.

आनंदराव : तुम्ही तो भरतच नाही, बाई. तो मोठ्या मिळकतीवर. नसरापूरचे मानसिंगशेठ, भातगिरणीवाले, ते भरतात.

धोंडाबाई : मंग आमालाबी लावा. आदी लावा, मंग कमी करा.

आनंदराव : त्याला तेवढी मिळकत लागते.

धोंडाबाई : म्हंजी सूट घ्यायलाबी ऐपत लागती.

गेणू : तुमाला गावली का, रावसाब?

आनंदराव : माझा पगार तिथवर पोचत नाही. शेठजींनी पेढा दिला. अर्धा.

गेणू : आन् ऱ्हायलेला अर्धा?

आनंदराव : शिपायाला. हे बघ, कचेरीत आम्हाला असं समजावलंय : मोठा पुढं गेला की धाकटे आपोआप त्याच्यामागं जातात. तुझ्या कळपासारखंच. पुढं बोकड, मागं मेंढरं.

गेणू : खरं हाय. चांगला पाला आमचा बोकडच पयला खातो. पर नदीत पायबी पयला त्योच घालतो. शेठ घालत्यात का?

आनंदराव : मला काय विचारतोस? पैसे काढ.

गेणू : जुनी चराई दिली न्हवं? वरचा आणा लोकर इकल्याबिगर न्हाई.

आनंदराव : मग जनावर न्यावं लागेल. तो बोकड सोड.

धोंडाबाई : आवं, परवा कानंदी नदी उतरून देशावर जायाचंय! पानी आजून कमरंएवढं हाय. बोकड नसंल तर एक मेंढरू पान्यात पाय घालायचं न्हाई. हितं ऱ्हाऊन काय खातील, दगडं?

आनंदराव : हुकूम आहे, बाई. आण ती दोरी.

गेणू : घ्या.

आनंदराव : चल रे. चल बाबा... गेणू! ही सगळी कुठं निघाली?

गेणू : तुमच्यामागं. तुमीच म्हनालासा, आपोआप येत्यात.

आनंदराव : हाकल त्यांना!

गेणू : ऐकायची न्हाईत. पार कचेरीत येतील. सायबाच्या टेबलाखाली बसतील.

धोंडाबाई : आन् वाटंनं चरत गेली, तर त्याची चराई कुनाच्या नावावर, रावसाब?

आनंदराव : धर. धर तुझा बोकड. पण मी रिकाम्या हातानं उतरलो तर माझी नोकरी जाईल, गेणू. माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत.

धोंडाबाई : ह्ये कोकरू न्या.

गेणू : आगं, ह्ये तर तुझ्या हातावर वाढल्यालं.

धोंडाबाई : मंग दुसरं काय देता? मोठी समदी कळपाला लागत्यात.

आनंदराव : बोकड सोडून कोकरू का आणलं, असं कचेरीत विचारतील. काय सांगू?

गेणू : सांगा, मोठ्याला सूट दिली.

धोंडाबाई : रावसाब, त्याला चालवू नका. कडंवर घ्या. कुनाच्या मागं जायाचं, त्ये त्याला आजून कळत न्हाई.