कारण : हाताळणीतला दोष

…तसं नाही साहेब, चिठ्ठीचं बघू, आधी बसा तर — त्या स्टुलावर नको, त्याचा चौथा पाय नुसता दाखवायला आहे — इकडे बसा. म्हणजे तुम्हाला लेखी हवंय, की तुमच्या ऑफिसातली टायपिस्ट मुलगी हात लावते म्हणून हे कॉम्प्युटरचं मशीन बंद पडतं. माझ्या सहीशिक्क्यानिशी. म्हणजे तिला घरी बसवायला बरं. नाही, तुम्ही तसं म्हणाला नाहीत, मीच म्हणतोय. आता हे झाकण निघेपर्यंत एक गोष्ट ऐका, आणि ती शंभर टक्के खरी आहे, खोटी असली तर हा स्क्रूड्रायव्हर पुन्हा माझ्या हाती लागू नये — तसा तो लागत नाहीच, रोज शोधावा लागतो — पण गोष्ट खरी. एका वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर एक मशीन होतं, ते दिवसातून चाळीस वेळा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. चाळीस. बरं, मोजलंय कुणी, पण चौदा तरी. ग्रंथपालांच्या वहीत चारच नोंदी होत्या, पण त्या माणसाला पेन उचलायचं म्हणजे जिवावर यायचं.

तर खिडकीवर एक बाई बसायच्या. कोण काय वाचतं, कुणाला कितव्या पानावर झोप लागते, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि मशीन पडायचं ते फक्त बाई असल्या की. बाई डबा खायला गेल्या, शिपाई बसला — मशीन गरीब गाय. ग्रंथपाल बसले — ठणठणीत. बाई परत आल्या की दहा मिनिटांत पडदा काळा, आणि नुकत्याच केलेल्या नोंदी गायब. लोक पुस्तक परत करून घरी जायचे आणि मागून 'पुस्तक त्वरित जमा करावे' असं पत्र यायचं. एका निवृत्त मास्तरांना एकाच पुस्तकासाठी सात पत्रं गेली. सातवं त्यांनी लाल शाईने चुका काढून परत पाठवलं. मग ग्रंथपालांनी मला बोलावलं, अगदी तुम्ही आलात तसंच — म्हणाले, दोष मशीनमध्ये आहे की बाईंमध्ये, एवढं लिहून द्या. बाईंमध्ये असला तर बाई तळघरात, फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायला. आणि बाईंना खोकला, आणि तळघरात ही ओल.

आता कारण शोधायचं म्हणजे काय करायचं? एकेकावर संशय घ्यायचा आणि एकेकाला सोडून द्यायचं. रॅम बदलली. पॉवर सप्लाय बदलला. पंखा साफ केला, त्यातून एक उशी भरेल एवढी धूळ निघाली — बरं, लहान बाळाची उशी. सगळं पुसून पुन्हा नव्याने भरलं. आणि शेवटी मी स्वतः त्या खिडकीवर तीन दिवस ठाण मांडलं. एकदाही पडलं नाही साहेब, एकदाही नाही. बाई आपल्या बाजूला उभ्या राहून पुस्तकं काढून देतायत, मला म्हणाल्या, "दुरुस्तीवाले, तुम्हाला घाबरतंय हो ते." मी म्हटलं, "बाई, मशीनला माणूस कळतो." — हे बोलायला नको होतं. गंमत म्हणून बोललो, पण ग्रंथपाल मागेच उभे, त्यांनी ते वाक्य धरलं ते धरलंच. तिसऱ्या संध्याकाळी कागद पुढे केला. मी टेकत टेकत, सावकाश खुर्ची सोडून पलीकडे गेलो, बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या, आणि मी 'बिघाडाचे कारण' ह्याच्यापुढे लिहिलं, 'हाताळणीतला दोष'. सही तेवढी राहिली होती. तेवढ्यात मास्तर आले, आठवं पत्र घेऊन. बाई उठल्या. त्यांची पद्धतच ती, वाचक आला की उठायचं, शेंबडं पोर आलं तरी उठायचं. त्या उठल्या आणि मशीन गेलं.

मी म्हटलं, बाई, बसा. बसल्या. उठा. उठल्या — गेलं. बसा. उठा — गेलं. मास्तरांना वाटलं, बाईंना शिक्षा चाललीय, ते म्हणाले, राहू दे हो, मी पत्र घेतो परत. आणि कारण काय? खुर्ची. गादी नायलॉनची, तिच्यावरून झटकन उठलं की अंगात वीज साठते, मांडी लागते टेबलाच्या लोखंडी कडेला, त्याच टेबलाला मशीनची पेटी टेकलेली आणि अर्थिंग कशालाच नाही. बारीकशी ठिणगी, आणि खेळ खलास. मग दुसरं कुणी बसलं की का नाही? अहो, कारण दुसरं कुणी उठतच नव्हतं. शिपाई हनुवटीने कपाट दाखवायचा. ग्रंथपाल समोर माणूस आलाय हे बघितल्याचंही दाखवायचे नाहीत. आणि मी — मी तीन दिवस चहासुद्धा खुर्चीतच मागवला. मग काय, ती चिठ्ठी मी टराटरा फाडली, तुकडे ग्रंथपालांच्या पुढ्यात ठेवले, बाईंना लाकडी खुर्ची आणवली, आणि सगळ्या वाचकांनी टाळ्या वाजवल्या.

असं काय बघताय? बरं, टाळ्या नाही वाजवल्या. तिथे शिंकलं तरी लोक वळून बघतात. आणि बसा-उठा पण नाही झालं. एकदाच उठल्या, एकदाच गेलं, आणि मला कळलं. पण सही — सही झाली होती साहेब. कागद ग्रंथपालांच्या खिशात गेला होता. तीन दिवस ज्या खुर्चीत बसलो ती खुर्चीच मला दिसली नाही, हे कुणाला सांगू? मी पिशवी उचलली आणि निघालो. बाई गेल्या तळघरात, आणि मशीन असं सुरळीत चाललं म्हणता — चालणारच, उठणारं कोण उरलं होतं — की माझं नाव झालं. हे दुकान त्याच नावावर चालतंय. चौदा महिन्यांनी मी तळघरात गेलो, सांगून टाकायला. बाई पुठ्ठ्याला खळ लावत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "खुर्ची होती ना? तुम्ही त्या दिवशी मशीन सोडून खुर्चीकडेच बघत राहिलात." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "सही तुमची होती." आणि खोकत बसल्या.

तर चिठ्ठी फाडली, तेवढं माझ्या पदरचं, बाकी गोष्ट अक्षर न् अक्षर खरी. मशीन घेऊन जा, होतं तिथे ठेवा. उद्या मी तुमच्या ऑफिसात येतो, त्या मुलीला तिचं काम करू द्या, मी उभा राहून बघतो. नाही. चिठ्ठी नाही. नाही म्हटलं ना साहेब. दार ओढा — ढकलू नका, ओढायचंय.