पाहिलं, ठीक आहे

(डॉक्टरांच्या नोंदणीचं कार्यालय. जेवणाची सुट्टी आहे, लोकांसाठीची खिडकी बंद. आतल्या टेबलाशी दोन जावा. थोरली इथे वरिष्ठ कारकून, धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला.)

धाकटी: स्क्रीन जरा माझ्याकडे वळवा ना, ताई. मला नुसती तुमच्या कॉम्प्युटरची पाठ दिसतेय.

थोरली: वळवता येत नाही, नियम आहे तसा. तुला काय हवं ते मी वाचून दाखवते.

धाकटी: घरी पेपर तुम्हीच वाचून दाखवता हल्ली. इथे तरी राहू दे.

थोरली: गॉगल काढू नकोस. वर पंखा आहे, डोळा कोरडा पडेल.

धाकटी: मग पंखा बंद करा.

थोरली: केला. बाराचे थेंब घातलेस का?

धाकटी: घातले, दुकानातल्या आरशासमोर. एक बाई फ्रेम बघत होती. म्हणाली, रडताय का हो? म्हटलं, छे, या डोळ्याला स्वतःचं पाणी नाही. विकत आणून घालावं लागतं.

थोरली: लोकांशी कशाला असं बोलतेस?

धाकटी: काय खोटं बोलले? मिटायला गेलं तरी तीन मिलिमीटर उघडा राहतो. फ्रेमच्या पट्टीने मोजलाय मी. आमच्याकडे तीन मिलिमीटरची चूक झाली तर गिऱ्हाईक चष्मा तोंडावर फेकतं. माझं मी कोणाच्या तोंडावर फेकू?

थोरली: त्या नव्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना, कातडी लावून पापणी लांबवता येईल म्हणून.

धाकटी: येईल म्हणाले. पूर्वीसारखी होईल असं नाही म्हणाले. आणखी एक गोष्ट म्हणाले, तेवढ्यासाठीच आलेय. माझं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरचा नंबर घाला. दोन, तीन, एक, सात.

थोरली: आत्ता? अगं, सुट्टी आहे. उताऱ्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज दे, मी चार दिवसांत काढून देते.

धाकटी: उतारा मागाहून द्या. आधी नुसतं दाखवा.

थोरली: घरच्या माणसासाठी अशी नोंद उघडणं बरं दिसत नाही.

धाकटी: दोन महिन्यांपूर्वी उघडली होतीत ना माझ्यासाठी? तेव्हा बरं दिसलं.

थोरली: तेव्हाची गोष्ट वेगळी.

धाकटी: ती कशी?

थोरली: वेगळी म्हणजे... बरं, घालते. बस तिथेच. हं. हे बघ, आलं. नोंदणी आहे, शल्यचिकित्सक, प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे, नोंद चालू आहे. सगळं रीतसर आहे.

धाकटी: जन्मसाल वाचा.

थोरली: त्याचा काय संबंध?

धाकटी: वाचा तरी. नाहीतर मीच येते त्या बाजूला.

थोरली: अगं, थांब—

धाकटी: आले. सरका जरा. हा फोटो बघा, काळापांढरा. केवढी कॉलर शर्टाची! जन्मसाल बघा. हा माणूस आज असता तर पंच्याऐंशीचा असता. माझी पापणी कापणारा चाळिशीचाही नव्हता, ताई. केसांना जेल लावलं होतं त्याने.

थोरली: असता म्हणजे?

धाकटी: अकरा वर्षांपूर्वी वारले ते. डोळ्यांच्या डॉक्टरांना त्यांनीच शिकवलं होतं. मी प्रमाणपत्रावरचं नाव, नंबर उतरवलेला कागद पुढे केला तसे ते नंबराकडे बघतच राहिले. म्हणाले, बाई, यांच्या अंत्ययात्रेला मी गेलो होतो.

थोरली: मग तो कोण?

धाकटी: पुतण्या. आडनाव एकच. दातांचा डॉक्टर आहे तो. दवाखाना काकाचा, भिंतीवर प्रमाणपत्र काकाचं, खुर्चीत पुतण्या. कागदांवर नुसतं 'डॉक्टर' आणि आडनाव. मी त्या प्रमाणपत्राखाली बसून नंबर उतरवून घेतला होता. मनात म्हटलं, बघा, किती शहाणी आहे मी, न विचारता जाणारी नव्हे.

थोरली: शहाणपणच होतं ते.

धाकटी: मेलेल्या माणसाची नोंद तुमच्याकडे चालू कशी?

थोरली: घरच्यांनी मृत्यूचा दाखला आणून दिला तरच नाव निघतं. कोण आणतं? आमच्याकडे डॉक्टर मरतच नाहीत म्हण. निम्मी यादी तशी असेल.

धाकटी: आणि हे तुम्हाला ठाऊक आहे.

थोरली: इथे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

धाकटी: मग कोणी विचारलं तर तुम्ही जन्मसाल बघत असाल. फोटो बघत असाल.

थोरली: बघतो. म्हणजे, बघायला हवं. गर्दी असली की कधी नुसतं 'चालू' एवढंच बघितलं जातं. त्या दिवशी तसंच झालं असणार. मला 'चालू' दिसलं, मी तुला कळवलं.

धाकटी: अकरा वाजून दहा मिनिटांनी मी नंबर पाठवला. अकरा वाजून अकरा मिनिटांनी तुमचं उत्तर. 'पाहिलं, ठीक आहे.' फोनमध्ये आहे अजून.

थोरली: मिनिट पुरतं गं. आता बघितलंस ना, किती पटकन उघडलं.

धाकटी: हो, उघडतं खरं पटकन. ही खालची बारीक ओळ कसली?

थोरली: ती आतल्या कामाची. सरक, बंद करते आता, साहेब येतील.

धाकटी: हात काढा माउसवरचा. सगळ्यात खालची बारीक ओळ वाचून घेणं हाच माझा धंदा आहे, ताई. एक डोळा पुरतो त्याला. 'यापूर्वी नोंद उघडल्याची तारीख.' ही तर सहा वर्षांपूर्वीची आहे.

थोरली: कधीकधी तारीख चढत नाही.

धाकटी: ताई.

थोरली: सिस्टीम जुनी आहे...

धाकटी: ताई, माझ्याकडे बघा. या डोळ्याकडे बघा.

थोरली: नाही पाहिलं मी.

धाकटी: काय नाही पाहिलं?

थोरली: नोंद. उघडलीच नव्हती.

धाकटी: नंबर तरी वाचलात?

थोरली: नाही. वाचला असता तर कॉम्प्युटरही लागला नसता. हल्ली सहा आकडी नंबर चालू आहेत. चार आकडी म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचा माणूस. झोपेत विचारलं तरी सांगेन मी.

धाकटी: चारच आकडे होते. वाचायला किती वेळ लागला असता?

थोरली: वेळेचं नव्हतं ते.

धाकटी: मग कशाचं होतं?

थोरली: राग आला होता मला.

धाकटी: माझा? मी काय केलं होतं? दुकानात मला पुढच्या काउंटरवरून उठवून मागे डब्यांच्या हिशेबाला बसवलं होतं. मालक म्हणाला, तुमचे डोळे बघून गिऱ्हाईकच पेंगतं. सगळं तुम्हाला सांगितलं होतं मी. घरात दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हाला.

थोरली: मालकाचं सांगितलंस तेव्हा नाही आला राग. नंतर जेवताना सगळ्यांसमोर म्हणालीस ना, मालकाचं एक असो, पण मलाच चांगलं दिसायचंय म्हणून. तेव्हा आला.

धाकटी: मग?

थोरली: मग काय. सत्तावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. असं मोठ्याने म्हणायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. आलं असेल, तर गिळलं असेल. आणि तू आमटी वाढून घेता घेता म्हणून मोकळी झालीस. भावजी हसले, म्हणाले, कर बाई. तुझा निरोप आला तेव्हा मी याच खुर्चीत होते. वाटलं, हिचे लाड मी आता ऑफिसातूनही पुरवायचे का? टाइप केलं आणि फोन पालथा ठेवला.

धाकटी: आणि ऑपरेशननंतर? पट्टी निघाली आणि डोळा मिटेना, तेव्हा तरी बघावंसं वाटलं नाही?

थोरली: रोज वाटायचं.

धाकटी: मग?

थोरली: तेव्हा उघडली असती तर तारीख उमटली असती. तुझ्या ऑपरेशननंतरची.

धाकटी: अस्सं.

थोरली: शिव्या दे हवं तर.

धाकटी: सासूबाईंसमोर काय म्हणाला होतात, आठवतं? 'हौस नडली हिची.' मी आत पडून ऐकत होते. कान मिटत नाहीत, आणि आता डोळाही मिटत नाही.

थोरली: चुकले मी.

धाकटी: दोन महिने रोज सकाळी माझं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालता. ह्यांना मी म्हणायचे, सख्खी बहीण करणार नाही एवढं ताई करतात.

थोरली: ते खोटं नव्हतं गं.

धाकटी: असेलही. पण आता मला ते कशात मोजायचं ते कळत नाही.

थोरली: काय करायचं ठरवलंयस?

धाकटी: तक्रार. हा घ्या अर्ज. छापील तुमचाच आहे, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. उतारा जोडला की झालं.

थोरली: तक्रार करच. दातांच्या डॉक्टराने पापणी कापायची म्हणजे काय! मी स्वतः पुढे सरकवते. त्याचा दवाखाना बंद झाला पाहिजे. फक्त एक... नववा रकाना बघितलास का?

धाकटी: 'शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांच्या नोंदणीची खातरजमा केली होती का? केली असल्यास कोणामार्फत?'

थोरली: तिथे 'नाही' लिही. बाकी सगळं आहे तसं राहू दे.

धाकटी: 'नाही' लिहिलं की काय होतं?

थोरली: फार काही नाही.

धाकटी: सव्वीस वर्षं इथे बसताय. काय होतं?

थोरली: समिती विचारते. शिकलेली बाई, नोकरी करणारी, चौकशी न करता टेबलावर जाऊन कशी झोपली?

धाकटी: म्हणजे पुन्हा हौस नडली.

थोरली: त्याला शिक्षा होईल की तरीही.

धाकटी: पण मी चौकशी केली होती.

थोरली: हो.

धाकटी: योग्य ठिकाणी केली होती.

थोरली: हो गं बाई, हो! पण तिथे माझं नाव आलं तर चौकशी लागेल माझी. दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. एवढ्या वर्षांत एक डाग नाही माझ्या फायलीत. एका ओळीसाठी—

धाकटी: एका ओळीनेच झालंय सगळं.

थोरली: मग काय लिहिणार आहेस?

धाकटी: लिहून आणलंय.

थोरली: आणलंयस? मग इतका वेळ मला काय—

धाकटी: इतका वेळ वाट बघत होते. म्हटलं, ताई काहीतरी असं दाखवतील की मला ते खोडावं लागेल. त्या ओळीत दोन महिन्यांपूर्वीची तारीख निघेल. त्यांनी पाहिलं असेल, पाहून चुकल्या असतील. पाहून कोणीही चुकतं. मग मी 'नाही' लिहिलं असतं, तुम्ही न सांगता.

थोरली: वाच, काय लिहिलंयस ते.

धाकटी: 'होय. माझ्या थोरल्या जाऊबाई याच कार्यालयात वरिष्ठ कारकून आहेत. त्यांना नंबर पाठवला होता. पाहिलं, ठीक आहे, असं त्यांनी कळवलं. म्हणून मी गेले.'

थोरली: नाव घातलंस?

धाकटी: घातलं.

थोरली: घरी काय सांगायचं?

धाकटी: ते तुम्ही ठरवा. हौसेचंही तुम्हीच सांगितलं होतंत.

थोरली: दे इकडे. साहेब तीनला येतात, शिक्का त्यांच्या खणात असतो. तू जा दुकानात, खाडा नको. पोच मी संध्याकाळी घरी घेऊन येते.

धाकटी: नको.

थोरली: अगं, तासभर कुठे बसशील? बाहेर रंगकाम चाललंय, डोळ्यात धूळ जाईल.

धाकटी: बाकावर बसते. पोच घेऊनच जाईन.