फ्लोराआजीची कणसं

बेबीनंदा : इथं सकाळचे सात वाजलेत, अक्षू. एवढ्या जल्दी फोन?

अक्षता : इकडं कालचे संध्याकाळचे साडेसात. आई, गावाची सभा बसलीय. वेशीवर माझ्या पिशवीत मक्याची कणसं सापडली.

तातेराव : मक्यावर शिकायलाच तर मेक्सिकोला गेल्ती तू. मंग कणसं न्हाई तर काय सापडणार?

अक्षता : बियाणं गावाबाहेर न्यायचं नाही, अशी सभेची अट होती पप्पा. बघायचं, मापायचं, फोटो काढायचे. बस.

तातेराव : त्या वाहाका राज्यात सरकार न्हाई का?

अक्षता : आहे ना. पण डोंगर असे की एका दरीतली भाषा पलीकडच्या दरीत कळत नाही. सोळा आदिवासी समाज आहेत. हे गाव मिहे लोकांचं. जमीन, पाणी, बी, सगळं गावाचं. सभा ठरवेल ते.

तातेराव : असं काय हाय त्या मक्यात?

अक्षता : घरापेक्षा उंच वाढतो. मुळं वर खोडालाच लटकतात, त्यातून चिकट पाणी गळतं. हवेतलं नत्र तिथंच मिळतं त्याला. युरियाचं काम कमी.

तातेराव : जालन्याच्या बियाणेवाल्यांना सांगू नको बरं!

अक्षता : तीच भीती आहे त्यांना. मी जालन्याची, अन् जालना बियाण्याचं गाव, हे त्यांनी मोबाइलवर शोधून काढलंय.

बेबीनंदा : पण तू घेतली कशाला?

अक्षता : फ्लोराआजीनं दिली. तिच्याच घरी राहते. आठवडाभर सोबत मका सोलला. आज शहराकडं निघताना तिनं ओढणीत टाकली.

बेबीनंदा : मंग बराबर हाय. कुंभार पिंपळगावात मी सोलायला जायचे, तर दिस बुडताना पदरात कणसं पडायचीच. न्हाई म्हणलं की मालकीण रुसायची.

अक्षता : माझ्याही डोक्यात तेच. पण इथं मजुरीच नसते, आई. एकमेकांचं काम करायचं, घ्यायचं काही नाही.

तातेराव : मंग सांग, आजीनं दिली म्हणून.

अक्षता : सांगितलं तर सामाईक रानातला तिचा वाटा जाईल. एकटी आहे ती. मी उचलली म्हणाले तर मला नुसतं गावातून काढतील.

बेबीनंदा : तसंच म्हण. तू इमानात बसून घरी येशील, तिला तिथंच ऱ्हायचंय.

तातेराव : गप बस! माझा बाप चावडीच्या पायरीखाली उभा होता, न केलेल्या चोरीपायी. सारं गाव वर बसल्तं. आता माझी लेक आपल्या तोंडानं चोर म्हणून घेणार?

अक्षता : इथं मला खुर्ची दिलीय, पप्पा. सगळ्यांच्या बरोबरीनं.

तातेराव : खुर्चीवरचा चोर चोर नसतो का? अन् बेबे, रोज बुद्धवंदना घेती तू. खोटं बोलणार न्हाई, म्हणती ना?

बेबीनंदा : म्हणते. न दिलेलं घेणार न्हाई, हे बी म्हणते. पोरीनं दिलेलंच घेतलं. आता काय बोलायचं ते म्हातारीच्या तोंडाकडं बघून ठरवू द्या तिला. तुमच्या बापाकडं बघून नका ठरवू.

अक्षता : थांबा. मला बोलावलं वाटतं... नाही. आजीच उठलीय.

बेबीनंदा : काय म्हणून राह्यली?

अक्षता : कळत नाही. तिच्या भाषेत बोलतेय, ओढणीत काही टाकल्यासारखा हात करून दाखवतेय. दुभाष्या मान खाली घालून ऐकतोय.

तातेराव : अन् सभा?

अक्षता : सभा माझ्याकडं बघतेय.